लो-कार्ब ब्रेकफास्ट बरिटो: टॉर्टियाच्या आधी चिलीचं बघा

सांदिया (धागाकर्ती)

लो-कार्ब, म्हणजे पिष्टमय पदार्थ कमी असलेल्या खाण्याच्या धाग्यांवर कुणी बरिटोबद्दल (टॉर्टियात, म्हणजे मेक्सिकन पोळीत, सारण भरून केलेली गुंडाळी) विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: बाजारातून लो-कार्ब टॉर्टिया आणा, आत अंडी भरा, झालं. मला हे पुरेसं वाटत नाही. मी न्यू मेक्सिकोत, अल्बुकर्कीला राहते. इथे ब्रेकफास्ट बरिटो हे रोजचं खाणं आहे. पहाटे कामावर निघालेला माणूस पेट्रोल पंपावरून घेतो, युनिव्हर्सिटीची पोरं समोरच्या 'फ्रंटियर'मध्ये बसून खातात, ऑफिसात कुणाचा वाढदिवस असला की डझनाच्या हिशेबाने येतात. इतकं लाडकं खाणं 'कार्ब वाईट' म्हणून उचलून फेकून द्यायचं नसेल, तर त्यात मुळात काय आहे, कुठून आलं, कशामुळे जड झालं हे आधी बघायला हवं. म्हणून हा धागा.

बरिटो मूळचा उत्तर मेक्सिकोचा, चिवावा आणि सोनोरा या कोरड्या राज्यांकडचा. मध्य आणि दक्षिण मेक्सिको मक्याचा, पण उत्तरेत स्पॅनिश लोकांनी आणलेला गहू रुजला. सोनोराच्या बाजूला सतराव्या शतकाच्या शेवटी फादर किनो या जेझुइट मिशनऱ्याने गहू नेला. तिथल्या बायका त्या गव्हाच्या हातभर रुंद, आरपार दिसतील इतक्या पातळ टॉर्टिया करतात. पिठाचा गोळा दोन्ही हातांवर झेलत, कोपरापर्यंत ताणत नेतात आणि फुगीर तव्यावर टाकतात. खानदेशात खापरावरचे मांडे करताना ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको, अगदी तोच हात. अशा टॉर्टियात मक्याच्या टॉर्टियासारखं जेमतेम दोन घास न मावता अख्खं जेवण गुंडाळता येतं.

बरिटो कुणी शोधला याची जी गोष्ट सगळीकडे फिरते, ती सिउदाद हुआरेझच्या हुआन मेंदेझ नावाच्या विक्रेत्याची: मेक्सिकन क्रांतीच्या धामधुमीत गाढवावरून जेवण विकायचा, ते गरम राहावं म्हणून टॉर्टियात गुंडाळायचा. गोष्ट छान आहे, पण १८९५ साली छापलेल्या मेक्सिकन शब्दांच्या कोशात बरिटो आधीच आलेला आहे, आणि क्रांती सुरू झाली १९१० ला. तेव्हा ती दंतकथा म्हणूनच ऐकावी. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं वेगळंच आहे. चिवावाकडचा बरिटो आजही बारीक असतो. आत एखादंच कालवण: लाल चिलीत, म्हणजे मिरचीच्या दाट रश्श्यात, शिजवलेलं मांस, किंवा माचाका, म्हणजे वाळवून कुटलेलं गोमांस अंड्यात परतून. भात नाही, बटाट्याचा ढीग नाही.

'ब्रेकफास्ट बरिटो' हे नाव मेनूकार्डावर पहिल्यांदा आपणच छापलं, असं सांता फेचं 'तिया सोफियाज' सांगतं, १९७५ साली. प्लाझापासून चार पावलांवरचं साधं हॉटेल आहे. तिथला बरिटो ताटात येतो, आत बटाटे आणि बेकन, वरून चिली आणि वितळलेलं चीज, खायला काटा-सुरी. हातात धरून खायचा प्रकार अल्बुकर्कीच्या बलून फिएस्टात बघावा. १९७२ मध्ये गरम हवेच्या १३ बलूननी सुरू झालेला हा मेळावा आता जगातला सगळ्यात मोठा मानतात. ऑक्टोबर महिना, सोळाशे मीटर उंचीवरचं गाव, सूर्य उगवायच्या आतली थंडी, आणि मैदानावर जो तो फॉइलमध्ये गुंडाळलेला बरिटो दोन्ही हातांत घट्ट धरून उभा. १९९१ ला मॅकडोनाल्ड्सने तो देशभर नेला आणि मग तो सगळ्यांचाच झाला.

आता कार्बचं गणित. दहा इंची मैद्याची टॉर्टिया म्हणजे अंदाजे ३५ ग्रॅम कार्ब. शंभर ग्रॅम बटाटा, २०. थोडे बीन्स घातले तर आणखी १०. दोन अंडी मिळून एक ग्रॅमच्या आसपास, चीज तेवढंच. म्हणजे पासष्ट-सत्तर ग्रॅममधला जवळजवळ सगळा वाटा टॉर्टिया, बटाटा आणि बीन्सचा. ज्यामुळे हा पदार्थ 'न्यू मेक्सिकन' होतो ती चिली, आणि ज्यामुळे पोट भरतं ती अंडी, यांचा त्यात वाटा नगण्य. म्हणून म्हणते, आधी चिलीचं बघा. चिली फसली असेल तर पंचवीस डॉलरची टॉर्टिया आणूनही काही उपयोग नाही.

चिली म्हणजे इथली लांब, जाडसर सालीची मिरची, आणि तिच्या कालवणालाही चिलीच म्हणतात. न्यू मेक्सिकोच्या शेतकी महाविद्यालयात फाबियान गार्सिया या चिवावात जन्मलेल्या माणसाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'न्यू मेक्सिको नंबर ९' हे वाण तयार केलं आणि पुढची सगळी शेती त्यावर उभी राहिली. ऑगस्ट-सप्टेंबरात हॅच खोऱ्यातली हिरवी मिरची गावोगाव येते. दुकानांच्या दारात जाळीचे पिंप गॅसच्या ज्वाळेवर गरागरा फिरत असतात आणि त्या धुराचा वास गाडीच्या बंद काचेतूनही आत येतो. लोक पोत्याने मिरची भाजून घेतात आणि सोलून वर्षभरासाठी फ्रीझरमध्ये टाकतात. तीच मिरची झाडावर राहू दिली की लाल होते, वाळवून माळा करतात. हॉटेलात 'रेड ऑर ग्रीन?' विचारतात तो प्रश्न या राज्याचा अधिकृत 'राज्य-प्रश्न' आहे. दोन्ही हवं असेल तर 'ख्रिसमस' म्हणायचं.

पाकृ (पाककृती), एका माणसाची:

हिरवी चिली: भाजून सोललेल्या चार-पाच मिरच्या जाडसर चिरून घ्या. चमचाभर तेलात थोडा कांदा आणि दोन पाकळ्या लसूण परता, मिरची आणि मीठ घाला, अर्धी वाटी पाणी किंवा चिकनचं स्टॉक घालून दहा मिनिटं आटवा. इथल्या हॉटेलांत दाटपणासाठी मैदा लावतात, तो अजिबात लागत नाही. आटवलं की आपोआप दाट होते.

वेष्टण: दोन अंडी, चमचाभर पाणी, मीठ. फेटून गाळून घ्या. गाळल्याने पांढऱ्याच्या गाठी राहत नाहीत आणि पापुद्रा फाटत नाही. मोठ्या नॉनस्टिक तव्यावर अगदी मंद आचेवर पसरा, झाकण ठेवा. उलटायचं नाही. वरचा ओलेपणा गेला की ताटात सरकवा.

सारण: बटाट्याऐवजी नवलकोल. बोराएवढे चौकोनी तुकडे, तेलात झाकण न ठेवता कडा तांबूस होईपर्यंत परतायचे. शंभर ग्रॅम नवलकोलात सहा ग्रॅम कार्ब आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग फायबर. त्यात चिकन खिमा किंवा बेकन, एक मऊसर भुर्जी केलेलं अंडं, मूठभर चीज, दोन-तीन चमचे चिली. गुंडाळा, बटर पेपरमध्ये घट्ट बांधा, दोन मिनिटं तसंच ठेवा. सगळं मिळून १०-१२ ग्रॅम कार्ब होतात.

कोथरूडची_मीरा

तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं)! बटाट्याच्या जागी नवलकोल हे डोक्यातच आलं नव्हतं. पण ताई, पुण्यात ही चिली कुठून आणायची? आणि भाजायची कशावर?

सांदिया

मीरा, हिरवीसाठी भावनगरी घे. साल जाड, गर भरपूर, तिखट बेताचं. गॅसच्या ज्योतीवर थेट धरून साल काळी पडेपर्यंत भाज, लगेच झाकणाच्या डब्यात टाक म्हणजे वाफेने साल सुटेल. नळाखाली धुऊ नकोस, सगळा धुराचा स्वाद वाहून जातो. हातानेच काढ, एखादा काळा तुकडा राहिला तर राहू दे. तिखटपणा कमी वाटला तर त्यात एखादी साधी लवंगी मिसळ.

लाल चिलीसाठी ब्याडगी अगदी चपखल. रंग गडद आणि तिखट कमी, आणि इथल्या लाल चिलीतही आपल्याला तेच हवं असतं. दहा-बारा मिरच्यांच्या बिया काढ, कोरड्या तव्यावर जरा गरम कर (काळ्या झाल्या तर कडू होतात), गरम पाण्यात भिजव, लसूण आणि मीठ घालून वाट, गाळ आणि थोड्या तेलात मंद शिजव. ओवा नको, ओरेगॅनो मिळाला तर चिमूटभर.

तसंही मिरची मेक्सिकोकडूनच पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात गोव्याला उतरली आणि मग आपली झाली. ब्याडगी वापरताना तडजोड करतोय असं मानायचं काही कारण नाही.

बे_एरियाची_मावशी

लेख आवडला, पण एका बाबतीत मतभेद आहे. अंड्याच्या पापुद्र्यात गुंडाळलं तर ते भरलेलं ऑम्लेट झालं. बरिटोची मजा टॉर्टियाच्या त्या मऊ, चिवट घासात आहे. आमच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागातला बरिटो वेगळा, १९६० च्या दशकातला. 'एल फारो' १९६१ म्हणतं, 'ला कुंब्रे' १९६९, दोघांचाही पहिलेपणाचा दावा आहे. तिथे टॉर्टिया वाफेवर धरून मऊ करतात म्हणून ती एवढा भात, बीन्स, मांस पोटात घेऊनही फाटत नाही. ती काढलीत तर राहिलं काय? त्यापेक्षा वाडग्यात सारण घ्या आणि चमच्याने खा, निदान प्रामाणिक तरी होईल.

सांदिया

मावशी, घासाबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे आणि ते महत्त्वाचंही आहे. तो चिवटपणा येतो ग्लुटेन या गव्हातल्या प्रथिनामुळे. गव्हाच्या पिठात दोन गोष्टी: स्टार्च आणि ग्लुटेन. कार्ब सगळे स्टार्चमध्ये, ताण सगळा ग्लुटेनमध्ये. बाजारातल्या लो-कार्ब टॉर्टियाची पाकिटं उलटून बघा. घटकांत वेगळं काढलेलं व्हीट ग्लुटेन, ओट फायबर किंवा सेल्युलोज आणि न पचणारा सुधारित स्टार्च हेच दिसेल. म्हणजे त्यांनी ताण ठेवला आणि साधा स्टार्च काढून तिथे फायबर भरलं. ज्यांना तो घास हवाच आहे त्यांनी ती जरूर घ्यावी, फक्त तव्यावर दोन्ही बाजूंनी नीट शेकून. थंड खाल्ली तर रबरासारखी लागते. आणि सीलियॅकचा (ग्लुटेन न चालण्याचा आजार) त्रास असणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये, साध्या टॉर्टियापेक्षा ग्लुटेन जास्तच असतं.

पण अंड्याचा पापुद्रा म्हणजे बरिटोच नव्हे, हे मी मान्य करणार नाही. हातात धरता येतं, आत गरम कालवण आहे, सकाळी उभ्या उभ्या खाऊन माणूस कामाला लागतो. न्यू मेक्सिकोत त्याचं काम तेच आहे. वाडग्यात घेतलं की बसावं लागतं.

वऱ्हाडातला_अरविंद

नमस्कार. वय ६१, मधुमेह जुना आहे, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन चालू. सकाळी पोहे किंवा उपमा खाल्ला की दोन तासांनी साखर फार चढते. हा नाश्ता उद्यापासून सुरू करायचा म्हणतो. सौ. अंडी खात नाही, तिच्यासाठी मूगडाळीच्या धिरड्यात गुंडाळलं तर लो-कार्ब होईल ना?

आहारवही

अरविंदकाका, उद्यापासून नको. आधी डॉक्टरांशी बोला. मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते त्यामुळे हे ठामपणे सांगते आहे. ग्लिमेपिराइड पोटात कार्ब गेले काय, न गेले काय, इन्सुलिन बाहेर काढायला लावतंच. नाश्त्यातले पन्नास ग्रॅम कार्ब एकदम काढले आणि गोळी तेवढीच राहिली तर साखर धोकादायक खाली येऊ शकते: घाम, थरथर, चक्कर. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हेच. डॉक्टर डोस कमी करून देतील, मग सुरू करा आणि पहिले काही दिवस ग्लुकोमीटरवर लक्ष ठेवा. धागा वाचणाऱ्यांत कुणी डापाग्लिफ्लोझिन किंवा त्या गटातली गोळी घेत असेल तर फार कमी कार्बच्या आहारात कीटोअ‍ॅसिडोसिसचा (रक्तात आम्ल साचण्याचा) धोका असतो, आणि तो साखर फारशी वाढलेली नसतानाही होऊ शकतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं किती, हेही विचारून घ्यावं.

धिरड्याबद्दल: ३० ग्रॅम मूगडाळीत साधारण १८ ग्रॅम कार्ब, तेवढ्याच कणकेच्या पोळीत २१-२२. म्हणजे कार्बमध्ये फारसा फरक नाही. प्रथिनं मात्र जवळपास दुप्पट आणि साखर सावकाश चढते, म्हणून पोह्यांपेक्षा नक्कीच चांगलं. एक पातळ धिरडं, आत भरपूर पनीर भुर्जी, असं प्रमाण ठेवलंत तर उत्तम नाश्ता आहे. त्याला लो-कार्ब म्हणू नका, एवढंच.

आणि पाकिटावरच्या 'नेट कार्ब' शब्दाबद्दल. एकूण कार्बमधून फायबर वजा करून तो आकडा काढतात, पण अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) त्याची व्याख्या केलेली नाही. सुधारित स्टार्च प्रत्येकाला सारखा पचतो असं नाही. एक टॉर्टिया खाऊन एक तासाने आणि दोन तासांनी साखर मोजा, तुमच्यापुरतं उत्तर मिळेल.

वऱ्हाडातला_अरविंद

ताई, मनापासून आभार. सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे, त्यांना दाखवायला हा प्रतिसाद छापून नेतो. सौ. ला पनीर भुर्जीचं पटलं, पण ती विचारते की अंड्याशिवाय खरोखर कमी कार्बचं वेष्टण काहीच नाही का?

गवती_चहा

काका, आहे की! आणि ते तुमच्या वऱ्हाडातच पिकतं. जवस! शंभर ग्रॅम जवसात २९ ग्रॅम कार्ब दिसतात पण त्यातले २७ फायबर. एक वाटी जवसाची ताजी, बारीक पूड (भाजलेल्याची नको, कच्च्याची), पाऊण वाटी पाणी, मीठ. पाणी उकळलं की गॅस बंद करून पूड घालायची आणि लाकडी उलथण्याने भराभर ढवळायचं. मिनिटभरात चिकट गोळा जमतो. चार भाग करा, दोन बटर पेपरमध्ये ठेवून लाटा, मध्यम तव्यावर दोन्ही बाजूंनी एकेक मिनिट. जास्त ठेवलंत तर कडक होऊन मोडेल. गरम असतानाच गुंडाळायचं. चव जवसाच्या चटणीच्या अंगाने जाते, त्यामुळे आत लाल ब्याडगीची चिली जास्त खुलते, हिरवी तेवढी नाही. पाणी भरपूर प्यायचं, फायबर एकदम वाढतं ना.

कोबीचं पानही चालतं. मधली जाड शीर तासून काढा, पान मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवा आणि फडक्याने अगदी कोरडं करा.

ऑस्टिनवासी

आमच्याकडे टेक्सासात हेच लहान टॉर्टियात, न गुंडाळता, नुसतं दुमडून: ब्रेकफास्ट टाको. सॅन अँटोनियोवाल्यांसमोर 'हा ऑस्टिनचा' म्हणू नका, २०१६ मध्ये एका वेबसाइटने ते लिहिलं तर केवढा गदारोळ झाला होता. कार्बच्या दृष्टीने सुचवतो: सहा इंची मक्याची टॉर्टिया १०-१२ ग्रॅम कार्बची असते. रोज अगदी शून्याकडे जायचं नसेल तर एक अस्सल मक्याची टॉर्टिया आणि वर भरपूर सारण, हे मला कुठल्याही नकली टॉर्टियापेक्षा जास्त समाधान देतं.

सांदिया

+१. एक अस्सल, पण एकच. हा मार्ग मलाही पटतो. मात्र मक्यात ग्लुटेन नाही, म्हणून ती गुंडाळायला जाऊ नका, दुमडूनच खा.

जवसाची पाकृ मी उद्याच करणार. गवती_चहा, ती वेगळ्या धाग्यावर फोटोंसकट टाकाल का? शोधणाऱ्यांना सापडेल.

सोडेवाली

माचाका वाचून थांबलेच. वाळवलेलं मांस अंड्यात परतायचं, मग सोडे का नाहीत? आमच्याकडे अलिबागला सोडे कांद्यात परतून वर अंडं फोडायची पद्धत घरात आहेच. सोडे कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून, पिळून, बारीक तुकडे केले. कांदा कमी, टोमॅटो एक, भाजलेली भावनगरी, मग अंडी. मीठ शेवटी चाखूनच, सोड्यांना आधीच असतं. अंड्याच्या पापुद्र्यात गुंडाळून नवऱ्याला डब्यात दिलं. वास डबाभर पण चव फारच सुंदर.

सांदिया

सोडेवाली, तुम्ही नकळत सिनालोआ गाठलंत! मेक्सिकोच्या त्या किनाऱ्यावर वाळवलेल्या कोळंबीचा आणि मार्लिन माशाचाही माचाका करतात. कार्ब जवळजवळ नाहीतच, प्रथिनं भरपूर. या धाग्यातली मला सगळ्यात आवडलेली पाकृ. सोड्यांबरोबर चीज मात्र घालू नये असं माझं मत.

कोथरूडची_मीरा

काल केलं! भावनगरी भाजताना घरभर जो वास सुटला त्याने सासूबाई स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहिल्या, आणि पहिला बरिटो त्यांनीच खाल्ला. आता व्यावहारिक प्रश्न. रविवारी करून आठवड्याचे फ्रीझ करता येतील का? सकाळी सात वाजता हे सगळं जमणार नाही.

सांदिया

येतील, पण अंड्याच्या पापुद्र्यातले नाही. तो फ्रीझरमधून निघाला की पाणी सोडतो. फ्रीझ करायचे असतील तर लो-कार्ब टॉर्टियातले करा. सारण पूर्ण गार झाल्याशिवाय गुंडाळायचं नाही, वाफ कोंडली की बर्फ होतो आणि गरम करताना सगळं पचपचीत. भुर्जी नेहमीपेक्षा किंचित ओलसर असतानाच उतरवा, पुन्हा गरम होताना ती पुढे शिजतेच. टोमॅटो, अव्होकाडो, सावर क्रीम आत नको. चिली घट्ट आटवलेलीच हवी. एकेक बटर पेपरमध्ये, वरून फॉइल. आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवा, सकाळी फॉइल काढून मायक्रोवेव्हमध्ये मिनिटभर, मग कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकून घ्या.

पापुद्र्याचाच हवा असेल तर रविवारी फक्त चिली आणि नवलकोल करून ठेवायचं. दोन्ही फ्रीजमध्ये चार दिवस चांगलं राहतं. मग सकाळी पापुद्रा आणि एक अंड्याची भुर्जी, दहा मिनिटांचं काम. भावनगरी मात्र हंगामात जास्तीची आणून, भाजून, सोलून, छोट्या पिशव्यांत सपाट करून फ्रीझरमध्ये टाकून दे.